पोटरीत गोळा का येतो?

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचा, दोर ओढताना वाळूत पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाची पोटरी एकाएकी दगडासारखी घट्ट होते आणि तो दोर सोडून मटकन खाली बसतो. ‘गोळो इलो’ एवढेच तो म्हणतो. शेजारचा गडी त्याचा गुडघा सरळ दाबून धरतो, पायाचा चवडा नडगीकडे वळवतो आणि थोड्या वेळात गोळा विरतो. उपाय अचूक असतो. कारण मात्र बहुधा ‘घामावाटे मीठ गेले’ असे सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे.

घामाचा दोष नाही असे नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग निवत नाही आणि पाण्याबरोबर सोडियमही जातच राहते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या उष्ण खाणींत घाम गाळून वर नुसते पाणी पिणाऱ्या कामगारांना पेटके येतात, हे मॉस या संशोधकांनी १९२३ साली नोंदवले होते.

पण आषाढात लावणीला गेलेल्या बाईचे काय? दिवसभर ती पावसात भिजत, चिखलात वाकून उभी असते, तुलनेने घाम कमी, आणि तरीही रात्री दोन वाजता गोधडीखाली तिची पोटरी पिळवटून निघते. शिवाय रक्तातले मीठ उतरले, तर ते साऱ्या अंगाचेच उतरते. गोळा मात्र नेमका दमलेल्या स्नायूतच येतो.

म्हणून आज अनेक संशोधक स्नायूपेक्षा त्याला हुकूम देणाऱ्या चेतापेशींकडे बोट दाखवतात. या पेशी मज्जारज्जूत असतात. स्नायूतली ताण ओळखणारी इंद्रिये त्यांना ‘आवळ’ असा संदेश पाठवतात, तर स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेतली, इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांच्या नावाने ओळखली जाणारी इंद्रिये ‘आवर’ असे सांगतात. स्नायू थकला की पहिला संदेश वाढतो आणि दुसरा क्षीण होतो. झोपेत चवडा खाली झुकलेला असल्याने पोटरी आधीच आखडलेली आणि कंडरा सैल असते; अशा वेळी जरासे निमित्तही चेतापेशींचा मारा सुरू व्हायला पुरते. चवडा वर ओढला की कंडरा ताणली जाते आणि लगाम पुन्हा लागतो. किनाऱ्यावरचा तो गडी नकळत हेच करत असतो.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काकडीच्या लोणच्याचे पाणी प्यायल्यावर पेटका साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, आणि तोही रक्तातले क्षार बदलण्याआधीच. आपल्या खारातल्या कैऱ्यांच्या पाण्यासारखेच ते आंबट-खारट असते. तोंडात किंवा घशात उठलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेने चेतापेशी शांत होत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

गरोदरपणात, डायलिसिसवर असताना किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेताना पेटके अधिक येतात. मात्र ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखायची आणि थांबले की राहायची, हे दुखणे गोळ्याचे नव्हे. पायाची रोहिणी अरुंद झाल्यानेही असे होते, आणि त्यावर मीठपाणी घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांना पाय दाखवावा.