साइटवरचा त्रिकोणी पत्रा हलवू नका: आमच्या ग्राहकांसाठी

तुमच्या डंपावर (खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगावर) किंवा बांधावर जमीन किती सरकते ते उपग्रहाने मोजायला आम्ही जो त्रिकोणी पत्रा बसवून दिला आहे, त्याच्याबद्दल हे पत्रक. दर वर्षी गणेश चवथीनंतर या पत्र्याबद्दल तेच ते प्रश्न विचारणारे फोन येतात, म्हणून यंदा लिहूनच देतो.

हा पत्रा म्हणजे परावर्तक. ॲल्युमिनियमच्या तीन पाती एकमेकींना काटकोनात जोडलेल्या. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून जाताना रडारची लहर तिरकी खाली सोडतो. ती या कोपऱ्यात शिरली की तिन्ही पातींवर आपटून आल्या वाटेने परत जाते. १२ दिवसांनी तोच उपग्रह पुन्हा त्याच मार्गाने येतो, आणि दोन वेळच्या लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत यावरून जमीन किती सरकली ते काढता येतं. ढग किंवा काळोख असला तरी अडत नाही.

सिमेंटच्या इमारतींना परावर्तक लागत नाही. त्यांचे कोपरे आपणहून चांगला प्रतिसाद देतात, आणि २०१४ च्या अखेरीपासूनची उपग्रहाची जुनी रडार-चित्रंही पाहता येतात. डंपाचं तसं नाही. जून लागला की त्यावर हातभर रान उभं राहतं, पानं हलतात, वाढतात, लहर दर खेपेला वेगळीच परतते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर तीच गत. तिथे भरवसा या पत्र्याचाच.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका डंपावर चवथीआधी रान काढायला आलेल्या कामगारांनी नट सोडून परावर्तक बाजूला ठेवला, साफसफाई केली आणि मोठ्या काळजीने परत बसवला. आम्हाला कुणी कळवलं नाही. पुढच्या आलेखात डंप एकदम ९ मिलिमीटर खचलेला दिसला. तीन आठवडे आम्ही हवामान तपासलं, हिशेब पुन्हा केला, शेवटी साइटवर गेलो. डोळ्यांना काहीच फरक दिसेना. जागा तीच, नटही पक्के आवळलेले. लेव्हल ठेवली तेव्हा कळलं, तळाची पात अर्धा अंश कलली होती आणि वायसरखाली लाल मातीचा थर बसला होता. मालकांना पूर्ण पावसाळ्याचा आकडा हवा होता. तो मिळालाच नाही.

या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटर. ती जाऊन परत येते, म्हणून जमीन पावणेतीन सेंटिमीटर सरकली की आकडा घड्याळाच्या काट्यासारखा फिरून पुन्हा शून्यावर येतो. दोन फेऱ्यांमध्ये १४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर एकट्या पत्र्यावरून जमीन खाली गेली की वर आली हेही सांगता येत नाही. म्हणून ‘होता तिथेच ठेवला’ हे हाताला कितीही खरं वाटलं, तरी रडारला ते पुरत नाही.

रान काढायचंच असेल तर भोवतालचे दोन मीटर कोयत्याने काढा, जेसीबी तिथे आणू नका. तळाच्या भोकात पानं अडकून पाणी तुंबलं तर काडीने मोकळं करा. शेजारी पत्र्याची शेड किंवा डंपर उभा करू नका, त्यांचा प्रतिसाद आपल्या परावर्तकात मिसळतो. आणि गुराचा धक्का लागला, कुणी हलवला, तर त्याच दिवशी तारीख कळवा. कुणावर राग धरायचा प्रश्नच नाही. तारीख कळली की तिथे खूण करून मोजणीची मालिका दोन भागांत वाचता येते. नाही कळली तर हललेला पत्रा खचलेल्या जमिनीसारखा दिसतो.

‘चित्रं फुकट मिळतात, मग पैसे कसले?’ असंही विचारतात. चित्रं फुकट आहेत, हे खरं. पण हवेतली वाफ लहरीला उशीर करते, आणि आपल्या पावसाळ्यात तो उशीर जमीन काही सेंटिमीटर सरकल्यासारखा भासू शकतो. तो वेगळा काढायला आम्ही निदान वीस चित्रं घेतो, म्हणजे आठ महिने. जोशीमठला २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचं इस्रोच्या केंद्राने दाखवलं होतं. एवढं मोठं खचणं थोड्या चित्रांतही सापडतं. वर्षाला पाचसात मिलिमीटर बसणारा डंप तसा सापडत नाही, म्हणून दोन चित्रांवर अहवाल आम्ही देत नाही.

अहवालातला आकडा उपग्रहाच्या तिरक्या नजरेच्या दिशेतला असतो, आणि जवळच्या स्थिर जांभ्या कातळाच्या तुलनेतला. उत्तर-दक्षिण सरकणं त्यात जवळजवळ येतच नाही. तुमचा उतार उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर आम्ही काम घेण्याआधीच तसं सांगतो आणि टोटल स्टेशनची (जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची) मोजणी जोडायला सुचवतो.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाबद्दलही बरेच जण विचारतात. त्याची २४ सेंटिमीटरची लहर रानातून जास्त आत जाते, पण तिला परावर्तक मोठा लागतो. शिवाय त्याचं रडार मार्गाच्या डावीकडे पाहतं, सेंटिनेलचं उजवीकडे. तेव्हा आहे तोच पत्रा त्याच्यासाठी स्वतः फिरवून ठेवू नका.

वर्षाच्या करारात मे महिन्यातली आणि चवथीच्या आसपासची अशा दोन भेटी धरलेल्या आहेत. रान काढायचा दिवस त्या भेटीलाच जोडून घ्या, आमचा माणूस लेव्हल घेऊन तिथे उभा राहील. त्याचे वेगळे पैसे नाहीत.