काच-स्वच्छके

काच-स्वच्छके : काचेच्या पृष्ठावरील धूळ, चिकटा, क्षार व अन्य मळ सुटा करून तो काचेवरून उचलता यावा यासाठी वापरली जाणारी द्रावणे, लुकणे व चूर्णे. घरगुती फवाऱ्याच्या बाटलीपासून उंच इमारतींच्या दर्शनी काचांसाठी पाण्यात कालवून वापरायच्या संहत द्रावणांपर्यंत अनेक प्रकार या संज्ञेत मोडतात. बोलण्यात ‘कॉलिन’ हे एका उत्पादनाचे नाव निळ्या रंगाच्या बहुतेक सर्व फवारणी द्रावणांना लावले जाते. हॉटेले व रुग्णालये यांच्या हाउसकीपिंग विभागांत टॅस्की मालिकेतील ‘आर-थ्री’ हे नाव असेच रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः व्यावसायिक वापराच्या द्रव्यांचा विचार केला आहे. चष्म्याची भिंगे व प्रयोगशाळेतील काचपात्रे यांच्या स्वच्छतेची तत्त्वे वेगळी आहेत.

काचेचे पृष्ठ : खिडक्यांची काच सोडा-चुना प्रकारची असते. तिच्यात वजनाने सु. ७० ते ७४ टक्के सिलिका, १२ ते १६ टक्के सोडियम ऑक्साइड आणि उरलेल्या भागात मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची ऑक्साइडे असतात. पृष्ठावरील सिलिकॉन अणूंना हायड्रॉक्सिल गट जोडलेले असल्याने स्वच्छ काच जलस्नेही असते. तिच्यावर पाणी पसरते, चिकट काचेवर मात्र त्याचे थेंब होतात. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती कशी बसते हे पाहण्याची जुनी चाचणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

फरशीवर किंवा लाकडावर साबणाचा पातळ थर राहिला तरी तो दिसत नाही. काचेतून प्रकाश आरपार जात असल्याने तोच थर उन्हाच्या तिरिपेत रेघोट्यांच्या रूपाने उघडा पडतो. म्हणून काच-स्वच्छकाची परीक्षा ते किती मळ काढते यावर जितकी, त्याहून अधिक ते वाळल्यावर मागे काय उरते यावर अवलंबून असते. समजा, एक चौरस मीटर काचेवर १० मायक्रोमीटर जाडीचा द्रवाचा थर जागीच वाळला. म्हणजे १० मिलिलिटर द्रव वाळला. लिटरमागे ५०० मिग्रॅ. विरघळलेले क्षार असलेल्या पाण्याचा तो थर असेल तर मागे ५ मिग्रॅ. क्षार राहतील. त्याच पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम धुलाई द्रव्य जास्तीचे पडले असेल, तर आणखी ३० मिग्रॅ. अवशेष राहील. ‘जास्त घातले की जास्त स्वच्छ’ हा समज काचेच्या बाबतीत खोटा ठरतो तो यामुळे.

इतिहास : चूर्णाने काच घासण्याची रीत सर्वांत जुनी असावी. लाकडाची राख व खडूची पूड या दोहोंचा वापर अनेक देशांत आढळतो. महाराष्ट्रात कंदिलाची काजळलेली काच वस्त्रगाळ राखेने किंवा रांगोळीने पुसण्याचा परिपाठ वीज येईपर्यंत घरोघर होता. कराडजवळील ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलामुळे कंदिलाची काच खेड्यापाड्यांत पोहोचली. राखेत अल्कली कार्बोनेटे असल्याने ती चिकटा सोडवते. ती गाळून घेण्यामागे वाळूचे कण काढून टाकण्याचा हेतू असे, कारण क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण आहे. खनिजांच्या कठिनतेच्या मोस मापक्रमावर क्वार्ट्‌झ ७ व खिडकीची काच सु. ५·५ वर येते. क्वार्ट्‌झऐवजी सु. ६ कठिनतेचे फेल्स्पार साबणात मिसळून केलेली ‘बॉन अ‍ॅमी’ ही वडी अमेरिकेत १८८६ पासून निघू लागली. ती खिडक्यांना पांढरी फासून, वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसत.

द्रवरूप स्वच्छकांचा प्रसार १९३३ मध्ये सिनसिनॅटी येथील ड्रॅकेट कंपनीने ‘विंडेक्स’ बाजारात आणल्यापासून झाला, असे सामान्यतः मानतात. त्याचे श्रेय काही जण फिलिप ड्रॅकेट यांना, तर काही हॅरी ड्रॅकेट यांना देतात. एकाच घराण्याची कंपनी असल्याने हा गोंधळ झाला असावा. आरंभीचे हे द्रव्य जवळजवळ निव्वळ विद्रावक असून ज्वलनशील होते व पत्र्याच्या डब्यातून विकले जाई. पृष्ठक्रियाकारके (पाणी पसरण्यास मदत करणारी साबणासारखी द्रव्ये) स्वस्त झाल्यावर विद्रावकाचे प्रमाण कमी करून पाण्याचे वाढविणे शक्य झाले. रासायनिक दृष्टीने खरा टप्पा १९६९ मध्ये याच कंपनीला मिळालेल्या अमेरिकी पेटंटाचा म्हणावा लागेल. त्यात एक कमी उत्कलनबिंदूचा (७५ ते १००° से.) व एक जास्त उत्कलनबिंदूचा (१२० ते २५०° से.) असे दोन विद्रावक, अत्यल्प पृष्ठक्रियाकारक व अमोनिया यांची सांगड घातली होती. आजची बहुतेक फवारणी द्रावणे या साच्याबाहेर फारशी गेलेली नाहीत.

घटक व त्यांचे कार्य : कमी उत्कलनबिंदूचा विद्रावक बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहॉल (८२·५° से.) असतो. तो पाण्याचा पृष्ठताण उतरवतो आणि लवकर उडून जातो. दुसरा बहुधा २-ब्युटॉक्सिएथॅनॉल (सु. १७१° से.) असून तो मागे रेंगाळतो व तेवढ्या वेळात तेलकट थर विरघळवतो. दोन्ही बाष्पनशील असल्याने अवशेष राहत नाही. पाण्याचा पृष्ठताण २५° से.ला सु. ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. पृष्ठक्रियाकारकाने तो ३० च्या आसपास येतो. ते मात्र उडून जाणारे नसल्याने त्याचे प्रमाण दशांश टक्क्याच्या घरात ठेवतात. निळा रंग व सुगंध यांचा स्वच्छतेशी संबंध नाही.

अमोनियाच्या कार्याविषयी मतभेद आहे. तो तेलाचे साबणीकरण करतो (अल्कलीने तेलाचा साबण बनवतो), हे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिले जाते. परंतु अमोनिया दुर्बल अल्कली आहे आणि थंड काचेवर काही सेकंदांत साबणीकरण पुरे होणे अवघड दिसते. बोटांच्या ठशांतील मुक्त मेदाम्लांचे उदासिनीकरण मात्र तत्काळ होते. अल्कतेचा लाभ मिळावा आणि वाळल्यावर काही उरू नये, हा दुहेरी गुण हेच त्याच्या निवडीचे कारण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमोनियारहित स्वच्छके समाधानकारक काम करतात, याचाही त्यास आधार मिळतो. अमोनिया क्लोरीनयुक्त विरंजक द्रावणात मिसळल्यास विषारी क्लोरामाइने निर्माण होतात. संडास-बाथरूमची व काचेची द्रव्ये एकाच बादलीतून वापरण्याची सवय यासाठी धोक्याची आहे.

व्हिनेगर (४ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अम्ल) चुन्याच्या डागांवर उपयुक्त, चिकट्यावर सामान्य. व्हिनेगरात खाण्याचा सोडा घालण्याची शिफारस वारंवार केली जाते. फेस येतो खरा, पण दोन्ही द्रव्ये एकमेकांना निष्प्रभ करून सोडियम अ‍ॅसिटेट हा क्षार मागे ठेवतात.

पाणी व पांढरे डाग : स्वच्छकाचा सर्वांत मोठा घटक पाणी. त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिग्रॅ. असून दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिग्रॅ. पर्यंत मुभा आहे. पिण्यास योग्य असलेले पाणी काचेस योग्य असेलच असे नाही. मुंबईला तलावांतून मिळणारे पाणी मृदू आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे जड असते. पुण्याच्या उपनगरांत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांच्या काचांवर व नळांवर पांढरी खडी धरते ती याचमुळे. लांब दांड्याच्या ब्रशातून शुद्ध पाणी सोडून काचा धुण्याच्या पद्धतीत पाणी आरओ व आयन-विनिमय रेझिनातून (विरघळलेले क्षार शोषून घेणाऱ्या कणांतून) काढून क्षार १० पीपीएमच्या (लिटरमागे सु. १० मिग्रॅ.) खाली आणतात. अशा पाण्याने धुतलेली काच न पुसता वाळू देता येते.

काचेवर कायम राहणारी पांढरी झाक हा निक्षेप (पाण्यातून बसलेला क्षारांचा थर) की काचेचा स्वतःचा क्षय, हा प्रश्न बराच चर्चिला गेला आहे. निक्षेपाच्या बाजूने असे म्हणता येते, की कॅल्शियम कार्बोनेटाचा थर सौम्य अम्लाने पुरता निघतो. क्षयाच्या बाजूचे प्रतिपादन असे : काचेवर साचून राहिलेले पाणी तिच्यातील सोडियम आयन ओढून घेते व त्यांच्या जागी हायड्रोजन आयन शिरतात. तेवढ्याशा पाण्याच्या थराची अल्कता वाढत जाते. पीएच (अल्कतेचे माप) सु. ९ च्या वर गेला, की सिलिकेचे जाळेच विरघळू लागते. पावसाळ्यात गोदामात एकमेकींना चिकटून उभ्या ठेवलेल्या काचांवर इंद्रधनुषी व नंतर दुधी डाग येतात, तेथे बाहेरचा क्षार नसतोच. म्हणून काचांच्या मध्ये कागद किंवा भुकटी घालतात. भुकटीत अ‍ॅडिपिक अम्लासारखे सौम्य अम्ल मिसळण्याचा उद्देश ही अल्कता मारण्याचा असतो. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. बहुतेक इमारतींत आधी निक्षेप बसतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि त्याखाली क्षय सुरू होतो. ताज्या काँक्रीटवरून ओघळणारे पाणी (पीएच १२ च्या पुढे) ही दोन्ही कामे फार वेगाने करते. बांधकाम चालू असतानाच काचा झाकणे वा धुणे यावर काचउत्पादक भर देतात ते यासाठी.

निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. पहिल्या अवस्थेत सल्फॅमिक किंवा फॉस्फोरिक अम्लाची द्रव्ये पुरतात. सिलिका उघडी पडून खडबडीत झाल्यावर सेरियम ऑक्साइडने घोटणे किंवा काच बदलणे एवढेच उरते. फरशा धुण्याचे ‘अ‍ॅसिड’ (हायड्रोक्लोरिक अम्ल) काचेला फारसे बाधत नाही, पण त्याच्या वाफा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी व संगमरवर खातात. अमोनियम बायफ्लुओराइड असलेली ‘डागनाशके’ डाग काढतात ती काचेचा थर विरघळवूनच. त्यांतून बनणारे हायड्रोफ्लुओरिक अम्ल त्वचेतून आत शिरते व वेदना उशिरा जाणवते, त्यामुळे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या अम्लाच्या भाजण्यावरचा प्रथमोपचार) हाताशी असल्याखेरीज व प्रशिक्षणाखेरीज ती वापरू नयेत.

साधने व वापर : द्रव लावणे, मळ सुटू देणे व द्रव पूर्णपणे काढून घेणे हा क्रम सर्वपरिचित आहे. मोठ्या काचेवर फडक्यापेक्षा रबरी पात्याची स्क्वीजी सरस ठरते, कारण फडके मळ पसरवते, तर पाते तो द्रवासकट खाली आणते. या शब्दाचे मूळ जहाजाचे डेक पुसण्याच्या साधनात शोधतात. ‘दाबणे’ या अर्थाच्या इंग्रजी धातूच्या बोलीरूपापासून तो आला असावा. आजच्या स्क्वीजीचा जनक म्हणून एत्तोरे स्टेक्कोने या कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे स्थायिक झालेल्या इटालियन काचपुशाचे नाव घेतले जाते. १९३६ हे त्याच्या पेटंटाचे वर्ष मानतात. तथापि त्याआधी ‘शिकागो स्क्वीजी’ हे जड पोलादी, दोन पात्यांचे व पाती बदलण्यास बारा स्क्रू काढावे लागणारे साधन प्रचारात होतेच. तेव्हा त्याला शोधाचे नव्हे, तर हलक्या पितळी, एकपाती घडणीचे श्रेय देणे अधिक योग्य.

पाते ओढण्यापूर्वी काचेच्या वरच्या कडेला बोटभर पट्टी कोरडी करतात, नाहीतर पाते तेथेच थरथरते. प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर थोडा चढवतात. पात्याची कड बोथट झाली, की कोणतेही द्रव्य रेघोट्या थांबवू शकत नाही. रबर बदलणे हे महाग स्वच्छक घेण्यापेक्षा स्वस्त पडते. तापलेल्या काचेवर द्रव ओढण्याआधीच वाळतो, म्हणून पश्चिमेकडील बाजू सकाळी धरतात. मायक्रोफायबरची फडकी फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतल्यास कंडिशनरचा थर काचेवर येतो.

बांधकामानंतरचे सिमेंट-रंगाचे ठिपके ब्लेडच्या स्क्रॅपरने खरवडण्यावरून अमेरिकेत काचउत्पादक व काच साफ करणारे यांच्यात दीर्घ वाद आहे. उत्पादकांच्या संघटनांनी स्क्रॅपर टाळण्याची सूचना दिली. साफसफाई व्यावसायिकांचे म्हणणे असे, की चरे ब्लेडने पडत नाहीत. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच भट्टीत तापवताना रुळांवरील काचेचे बारीक कण तिच्या पृष्ठाला चिकटतात आणि ब्लेड ते उपटून पुढे ओढते. साध्या काचेवर तेच ब्लेड सहसा चरे पाडत नाही, यावरून हे दुसरे मत वजनदार वाटते. कामाचा करार करताना मात्र पहिले गृहीत धरलेले बरे.

विशेष पृष्ठे : आरशाच्या मागील चांदीचा थर कडेने शिरलेल्या अमोनियाने वा अम्लाने काळवंडतो, म्हणून फवारा आरशावर न मारता फडक्यावर मारतात. पॉलिकार्बोनेट (काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक), गाडीच्या काचेवरील फिल्म व संगणकाचे पडदे यांना अमोनिया वर्ज्य आहे. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेल्या पेशवेकालीन चित्रांच्या (पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काही पाहता येतात) चौकटीत थेंबभर द्रव शिरला तरी रंग सुटण्याची भीती असते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याच्या अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या आढळतात. त्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाच्या असल्याने व्हिनेगरसुद्धा त्यांना विरघळवते.

स्वयंस्वच्छ काच : अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडाच्या प्रकाश-उत्प्रेरकी गुणधर्मावर संशोधन प्रसिद्ध केले. पिल्किंग्टन कंपनीने २००१ मध्ये अशा सु. १५ नॅनोमीटर जाडीच्या लेपाची खिडकीची काच आणली. जंबुपार किरणांनी सेंद्रिय मळाचे विघटन होते व पाणी सलग पसरून तो वाहून नेते. लेपावर स्क्रॅपर वा घासणारी चूर्णे चालत नाहीत, तसेच सिलिकोनयुक्त स्वच्छक किंवा सीलंट लागल्यास तो भाग जलविरोधी होऊन बंद पडतो. क्रियेला पाऊस लागतो. दख्खनमध्ये तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्येच पडत असल्याने उरलेले आठ महिने अशा काचेवरही मृदू पाण्याचा फवारा मारावा लागतो.