चेतासंस्था

शरीराच्या आतून-बाहेरून येणारी माहिती गोळा करणारी, तिचा अर्थ लावणारी आणि स्नायू व ग्रंथींना हुकूम सोडणारी संस्था. मज्जासंस्था, तंत्रिका तंत्र ही तिचीच नावे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या (मज्जातंतूंच्या) 12 जोड्या, मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 जोड्या आणि त्यांचे फाटे म्हणजे परिघीय चेतासंस्था. शाळेत तिची ओळख मोठ्या मेंदूपासून, म्हणजे विचारापासून करून देतात. कोल्हापुरात ती आखाड्यापासून करून देणे अधिक बरे, कारण तिचे बहुतेक काम विचाराच्या आधीच उरकलेले असते.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात दोन पैलवानांची खडाखडी चालू आहे असे समजू. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, झेपावला, हे डोळ्यांनी टिपून हालचाल सुरू करायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. कुस्तीत एवढा वेळ पुष्कळ झाला. हाताला हात भिडलेला असेल तर मात्र जवळची वाट मिळते. मनगटाला हिसका बसताच दंडाचा स्नायू ताणला जातो. स्नायूतले ताण टिपणारे ताणग्राही ही खबर जाड, वेष्टन असलेल्या तंतूंवरून मेरुरज्जूला देतात आणि मेंदूला न विचारता तिथूनच स्नायूला आखडण्याचा हुकूम येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. अशा तंतूंवर आवेग सेकंदाला 80 ते 120 मीटर वेगाने धावतो, त्यामुळे सगळी फेरी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पुरी होते. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून तपासतात तीही याच जातीची क्रिया.

पण प्रतिक्षिप्त क्रिया फक्त सावरते. प्रतिडाव तिला येत नाही. तो यायला लहान मेंदू तयार व्हावा लागतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली असलेला हा भाग वजनाने मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. तरी मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ चार-पंचमांश त्यात असतात. योजलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांतली तफावत तो टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. वस्ताद ढाक हा एकच डाव पोरांकडून शेकडो वेळा मारून घेतात, तेव्हा चेतापेशींमधली संपर्कस्थाने बदलत जातात. नुसती ताकद वाढवणाऱ्या जोर-बैठकांनी हे होत नाही. दारू प्यायलेला माणूस झोकांड्या खातो, तोही बव्हंशी लहान मेंदूचे काम बिघडल्यामुळेच.

तोल सांभाळायला अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांची मदत होते. डोके कुठे वळले हे त्या कळवतात. पैलवानांचे मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान पाहून अनेकांना शंका येते. पण ती इजा बाहेरच्या कानाच्या कूर्चेला असते, तोलाच्या इंद्रियाला नाही.

मग मोठा मेंदू करतो काय? कुस्ती कशी काढायची, कोणाला दमवायचे, कधी थांबायचे हे तो ठरवतो. भाषा, स्मृती आणि जाणीवपूर्वक हालचाल यांचा कारभारही त्याच्याकडे असतो. त्याचा डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा डावी. संपूर्ण मेंदू सुमारे 1,300 ते 1,400 ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या 2 टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खर्च करतो.

शड्डू ठोकण्याआधीच छाती धडधडू लागते, हाताला घाम सुटतो. हे स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या, चेतासंस्थेच्या अनुकंपी शाखेचे काम. लढत संपल्यावर नाडी खाली आणते ती परानुकंपी शाखा. नंतर जेवताना तांबड्या रश्श्याने तोंड भाजते, ती वस्तुतः चव नसते. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णतेची खबर देणारे ग्राही चेतवते आणि ती पाचव्या मस्तिष्क चेतेवाटे मेंदूत जाते. रस्सा कोमट असला तरी मेंदू 'भाजले' असाच निवाडा देतो. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आखाड्यात सर्वांत जपायची जागा मान. श्वास आणि हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवणारी लंबमज्जा कवटीच्या तळाशी असते; श्वासपटलाची चेता मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मुळांतून निघते. त्या मुळांच्या वर मेरुरज्जू तुटल्यास श्वास थांबतो. म्हणून मानेवर पडलेल्या पैलवानाची मान ओढणे, चोळणे किंवा त्याला धरून उठवणे धोक्याचे. डोके आहे तसे स्थिर धरून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हातापायांतली चेता कापली गेली, तर योग्य उपचारांनंतर तिचे तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात. मेरुरज्जूतल्या तंतूंमध्ये ही क्षमता जवळजवळ नसते.