पाच वर्षांचा प्लॅन आणि वर्षाचा प्लॅन: फूटपाथ नेमका कुठे मागायचा?

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही सात जण अमेरिकेतल्या आमच्या शहराच्या सिटी हॉलमध्ये एका सुनावणीला गेलो होतो. त्यातले चौघे सत्तरीच्या पुढचे, मुलांकडे कायमचे राहायला आलेले आई-वडील. मागणी साधी होती. आमच्या अपार्टमेंटपासून लायब्ररीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला मधल्या टप्प्यात फूटपाथच नाही, आणि जिथे आहे तिथे कोपऱ्यावर उतार नाही. आमच्या शेजारच्या काकू वॉकर घेऊन चालतात. कोपऱ्यावर आल्या की त्या वॉकर उचलून खाली ठेवतात, एक हात खांबाला धरतात आणि मग पाय खाली टाकतात. पलीकडे पुन्हा तेच. हिवाळ्यात तर त्या लायब्ररीचं नावच काढत नाहीत.

तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं रास्त आहे, पण आज चर्चा वर्षाच्या प्लॅनची आहे. पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये फूटपाथ हे उद्दिष्टच नाही." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. प्लॅन दोन आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. सुनावणीच्या नोटिशीत दोन्ही नावं होती, पण वाचणाऱ्याला ती एकच वाटावीत अशी. तेव्हापासून मी ही कागदपत्रं वाचायला लागले.

आधी पैशाबद्दल. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला आणि त्यातून कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट सुरू झाली. सगळे तिला सीडीबीजी म्हणतात. त्याआधी जुन्या वस्त्यांची पुनर्बांधणी, सांडपाण्याच्या वाहिन्या, मोकळी मैदानं अशा प्रत्येक कामासाठी शहरांना वॉशिंग्टनकडे वेगळा अर्ज करावा लागायचा. ते सगळं एका गाठोड्यात बांधलं गेलं आणि काय करायचं ते बऱ्याच अंशी शहरावर सोपवलं. महानगर क्षेत्रांमधली मुख्य शहरं, तिथलीच किमान ५०,००० वस्तीची इतर शहरं आणि साधारण २ लाख वस्तीच्या वरच्या काउंटींना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांना) ही रक्कम दर वर्षी सूत्रानुसार थेट मिळते. बाकीच्या लहान गावांचा वाटा राज्यामार्फत जातो. सूत्रात लोकसंख्या, गरिबी, घरांमधली दाटी, जुनी घरं असे घटक असतात. वाटप करणारं खातं म्हणजे गृहनिर्माण आणि नागरी विकास खातं, बोलीभाषेत 'हड'. देशभराची रक्कम अलीकडच्या वर्षांत ३३० कोटी डॉलरच्या आसपास राहिली आहे.

हे पैसे घेण्यासाठी शहराला हडकडे लेखी योजना द्यावी लागते, आणि इथेच ती दोन नावं येतात. 'कन्सॉलिडेटेड प्लॅन' हा तीन ते पाच वर्षांचा असतो, बहुतेक शहरं पाचच वर्षं धरतात. 'ॲन्युअल ॲक्शन प्लॅन' दर वर्षीचा. घोटाळा होण्याचं मुख्य कारण असं की पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये पहिल्या वर्षाचा ॲक्शन प्लॅनही असतो. दोन्ही एकाच जाडजूड पीडीएफमध्ये, एकाच मुखपृष्ठाखाली. सुनावण्याही एकाच सभागृहात, त्याच टेबलापलीकडे तीच माणसं. मग कुणाला फरक कळणार?

पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्या माणसाची आणखी एक गल्लत होते. कन्सॉलिडेटेड प्लॅन म्हटलं की त्याला महापालिकेचा विकास आराखडा आठवतो. विकास आराखड्यात जमिनीचा वापर आणि आरक्षणं ठरतात. या प्लॅनमध्ये एकाही भूखंडावर आरक्षण पडत नाही. हा गरजेचा आणि पैशाचा आराखडा आहे, आणि त्यात सीडीबीजीखेरीज परवडणाऱ्या घरांची, बेघरांसाठीची आणि एचआयव्हीबाधितांच्या निवाऱ्याची केंद्राची अनुदानंही शहराला मिळत असतील तर येतात.

आता आत काय असतं ते बघा. पाच वर्षांच्या प्लॅनचे विभाग हडने नेमून दिलेत आणि त्यांना क्रमांक आहेत. एनएने सुरू होणारे विभाग गरजा सांगतात: किती कुटुंबांचं भाडं उत्पन्नाच्या मानानं जास्त आहे, किती घरं दाटीची आहेत, ज्येष्ठ आणि अपंग यांना काय लागतं. एमएने सुरू होणारे घरांच्या बाजाराबद्दल असतात. खरा निर्णय एसपी विभागांत, म्हणजे स्ट्रॅटेजिक प्लॅनमध्ये होतो. त्यातला एसपी-२५ हा प्राधान्याच्या गरजांचा तक्ता आणि एसपी-४५ हा उद्दिष्टांचा तक्ता. माझं ऐका, पाचशे पानांची पीडीएफ उघडलीत तर आधी हे दोन तक्ते शोधा. तिथे कुठेही 'फूटपाथ' किंवा 'सार्वजनिक सुविधा' हा शब्द नसेल, तर पुढची काही वर्षं तुमच्या मागणीला बसायला खुर्चीच नाही.

वर्षाच्या प्लॅनचे विभाग एपीने सुरू होतात. एपी-३५ मध्ये त्या वर्षीची कामं असतात, नाव आणि रक्कम यांसह. हीच यादी लोक आवडीने वाचतात, कारण ती डोळ्यांना दिसते: अमुक पार्कची दुरुस्ती, तमुक संस्थेला अन्नवाटपासाठी इतके डॉलर. पण यादीतलं प्रत्येक काम पंचवार्षिक प्लॅनमधल्या एखाद्या उद्दिष्टाशी जोडावं लागतं. वर्षाच्या सुनावणीत आपण प्रत्यक्षात इतकंच विचारू शकतो की ठरलेल्या उद्दिष्टांमधून यंदा कुठलं काम आधी, कुठे आणि किती रकमेचं. नवं उद्दिष्ट घालायचं असेल तर पंचवार्षिक प्लॅनच बदलावा लागतो. त्याला 'सब्स्टॅन्शियल अमेंडमेंट' म्हणतात आणि त्यासाठीही लोकांना हरकती-सूचनांचा कालावधी द्यावा लागतो. शहरं हे करतात, पण पाच-सहा जण एका संध्याकाळी बोलले म्हणून क्वचितच.

एक अपवाद सगळ्यांनी पाहिलाय. २०२० मध्ये कोविडच्या मदत कायद्यातून सीडीबीजीला ५०० कोटी डॉलर जादा आले, तेव्हा शहरांनी धडाधड प्लॅन बदलले आणि हरकतींसाठीची मुदत पाच दिवसांवर आणायची मुभा मिळाली. एरवी ती किमान ३० दिवसांची असते.

आता आमच्या फूटपाथकडे वळते, कारण इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. सीडीबीजीचा किमान ७० टक्के खर्च कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हिताचा असावा लागतो, म्हणजे ज्यांचं उत्पन्न परिसरातल्या बरोबर मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या (मध्यकाच्या) ८० टक्क्यांपर्यंत आहे अशांच्या. फूटपाथ सगळ्या वस्तीचा, म्हणून तिथे वस्तीची कसोटी लागते: त्या भागातल्या किमान ५१ टक्के रहिवाशांचं उत्पन्न त्या मर्यादेत हवं. (सुखवस्तू उपनगरांसाठी हा आकडा खाली येऊ शकतो, त्यामुळे "आमच्या गावात गरीब वस्तीच नाही" असं म्हणून आधीच हात टेकू नका.) कोपऱ्यावरच्या उताराची गोष्ट निराळी आहे. आधीच असलेल्या फूटपाथवरचा किंवा इमारतीतला अडसर ज्येष्ठ किंवा गंभीर अपंगत्व असलेल्यांसाठी काढायचा असेल, तर तो त्यांच्यासाठीचं खास काम म्हणून मोजता येतो आणि वस्तीची टक्केवारी आड येत नाही. आम्ही सिटी हॉलमध्ये दोन्ही एका दमात मागितलं होतं. वेगवेगळं मागितलं असतं तर निदान अर्धी मागणी भक्कम पायावर उभी राहिली असती.

तसंच ज्येष्ठांच्या केंद्राचं. केंद्राची इमारत बांधणं किंवा दुरुस्त करणं ही सार्वजनिक सुविधा झाली. तिथे दुपारचं जेवण देणं, ने-आण करायला व्हॅन चालवणं, इंग्रजीचे वर्ग घेणं या सार्वजनिक सेवा झाल्या, आणि सेवांवर साधारणपणे वर्षाच्या अनुदानाच्या १५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. त्या १५ टक्क्यांसाठी शहरातल्या सगळ्या संस्था रांगेत असतात. म्हणून मराठी मंडळांना माझं सांगणं आहे की व्हॅन मागण्याआधी जिना, संडास, दरवाजा यांची मागणी करून बघा.

वेळापत्रक शहरागणिक बदलतं. न्यूयॉर्कचं प्लॅनचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, डॅलसचं ऑक्टोबरमध्ये, बऱ्याच शहरांचं जुलैत. जुलै धरला तर प्लॅन मेच्या मध्यापर्यंत हडकडे जायला हवा, कारण तो वर्ष सुरू होण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा असतो. त्याआधीचे ३० दिवस मसुद्यावर हरकती, म्हणजे एप्रिल. संस्थांचे अर्ज हिवाळ्यात येऊन गेलेले असतात. वर्षाला निदान दोन सुनावण्या वेगवेगळ्या टप्प्यांवर घ्याव्या लागतात. मसुदा हातात पडतो तेव्हा रक्कम बहुतेक वाटली गेलेली असते, त्यामुळे गरजांवरची पहिली सुनावणी खरी कामाची. पंचवार्षिक प्लॅनच्या वर्षी तर पहिल्या सुनावणीच्याही आधी प्रश्नावल्या फिरतात, संस्थांशी बैठका होतात. तिथे नाव लागलं तर उत्तम.

आणि लेखी द्या. आलेल्या सूचनांचा सारांश शहराला प्लॅनला जोडावा लागतो, आणि न स्वीकारलेल्या सूचना का स्वीकारल्या नाहीत तेही लिहावं लागतं. सुनावणीत बोललेलं चार ओळींत आटोपतं, पत्राचं तसं होत नाही. इंग्रजी न येणाऱ्या बऱ्याच रहिवाशांचा सहभाग अपेक्षित असेल तर त्यांची सोय कशी करणार हे शहराने आपल्या नागरिक-सहभाग योजनेत नमूद करायचं असतं. आमच्या आजोबांनी मराठीतच बोलायचं ठरवलं, नातीने इंग्रजी करून सांगितलं आणि कुणी थांबवलं नाही.

वर्ष संपलं की ९० दिवसांत कामाचा अहवाल येतो. त्याच्यावर हरकती द्यायला १५ दिवस पुरे धरले आहेत, आणि तो जवळजवळ कुणी वाचत नाही. वाचा. कुठल्या कामाचे पैसे खर्चच झाले नाहीत ते तिथे कळतं. वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी न खर्चलेली शिल्लक वर्षाच्या अनुदानाच्या दीडपटीवर गेली तर हड शहराला जाब विचारतं, त्यामुळे आराखडे तयार असलेलं छोटं काम अशा वेळी चटकन मार्गी लागू शकतं. कोपऱ्यावरचा उतार हे तसंच काम आहे.

गेल्या वर्षी आमच्या शहराचा नवा पंचवार्षिक प्लॅन झाला. प्रश्नावली आली तेव्हा आम्ही रविवारी दुपारी एका घरी जमलो, चहा ठेवला आणि चाळीसेक जणांकडून ती भरून घेतली. मोठ्या अक्षरांत छापून, एकेक प्रश्न मराठीत समजावून. आता एसपी-२५ च्या तक्त्यात ज्येष्ठ आणि अपंग यांच्यासाठी पादचारी मार्गांची ओळ आहे. पहिल्या वर्षाच्या एपी-३५ यादीत लायब्ररीचा रस्ता आलेला नाही. दुसऱ्या वर्षासाठीची पहिली सुनावणी नोव्हेंबरात आहे, आणि काकूंनी नोटीस फ्रिजवर लावून ठेवली आहे.