बीटल्स–बीच बॉइज सर्जनस्पर्धा

इंग्लंडमधील द बीटल्स आणि कॅलिफोर्नियातील द बीच बॉइज या दोन पॉप गटांत १९६५ ते १९६७ या काळात चाललेली कलात्मक चढाओढ. एकमेकांच्या तबकड्या कान देऊन ऐकायच्या आणि आपल्या पुढच्या तबकडीने त्यांवर मात करायची, या ईर्ष्येतून पॉप संगीतातील काही अभिजात अल्बम घडले. मात्र ही लढत बरोबरीची नव्हती. बीटल्सकडे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन असे तीन गीत-संगीतकार व जॉर्ज मार्टिन यांच्यासारखे जाणकार निर्माते होते. बीच बॉइजच्या बाजूने रचना, वाद्यमेळ आणि निर्मिती यांचा जवळजवळ सारा भार ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) यांनी एकहाती पेलला. अमेरिकेत दोन्ही गटांच्या तबकड्या कॅपिटॉल ही एकच कंपनी काढत असे, त्यामुळे ही चढाओढ एका अर्थाने घरातलीच होती.

त्या काळी पॉप संगीताचा बाजार एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर चाले आणि लाँग प्ले तबकडीत दोन-तीन गाजलेल्या गाण्यांभोवती भरतीची गाणी घातली जात. डिसेंबर १९६५ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या ‘रबर सोल’ने विल्सन यांना वेगळी वाट दाखवली. त्यांनी ऐकलेली अमेरिकी आवृत्ती ब्रिटिश आवृत्तीहून निराळी होती: कॅपिटॉलने मूळच्या चौदांपैकी चार गाणी वगळून आधीच्या ब्रिटिश तबकडीतील दोन गाणी घातली होती, आणि त्यामुळे तिचा एकूण नाद अधिक एकजिनसी, अकूस्टिक गिटारकडे झुकणारा झाला होता. विल्सन यांना जी एकसंधता भावली, ती काही अंशी कंपनीच्या या कात्रीचीच देणगी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही गाणे भरतीचे नसलेला अल्बम करायचा, हा निश्चय त्यांनी त्या ऐकण्यातून केला.

डिसेंबर १९६४ मध्ये विमानप्रवासात मानसिक ताणाचा तीव्र झटका आल्यानंतर विल्सन यांनी दौरे जवळपास सोडले होते. गटाचे इतर सभासद जगभर कार्यक्रम करत असताना ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत व्यावसायिक वादकांसह काम करत. ‘पेट साउंड्स’ची बहुतेक गाणी १९६६ च्या पहिल्या चार महिन्यांत अशीच उभी राहिली, शब्द प्रामुख्याने टोनी अ‍ॅशर या जाहिरातलेखकाचे होते. विल्सन एकच सुरावट दोन वेगळ्या वाद्यांवर एकाच वेळी वाजवून घेत, म्हणजे दोहोंच्या मिलाफातून तिसराच नाद ऐकू येई. ‘गॉड ओन्ली नोज’मध्ये फ्रेंच हॉर्न, अकॉर्डियन आणि घुंगरांसारख्या घंटा एकत्र नांदतात, आणि बास गिटार स्वरसंघाच्या मूळ स्वरावर विसावण्याऐवजी बहुतेक वेळ दुसऱ्याच स्वरांवर चालते, गाण्यातील हुरहुर मोठ्या प्रमाणात या अधांतरी बासमुळे निर्माण होते. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसलेल्या विल्सन यांनी हा सारा पसारा एकवाहिनी (मोनो) ध्वनीतच बांधला.

१६ मे १९६६ रोजी प्रसिद्ध झालेला हा अल्बम ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत दुसऱ्या, तर मायदेशी दहाव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि दोन महिन्यांतच कॅपिटॉलने गटाच्या जुन्या गाण्यांचे संकलन बाजारात आणले. त्याच मे महिन्यात गटाचे सभासद ब्रूस जॉन्स्टन यांनी लंडनमधील हॉटेलात लेनन व मॅकार्टनी यांना ‘पेट साउंड्स’ ऐकवला. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ला त्याचे उत्तर मानण्याची प्रथा आहे, पण तारखा तिला पुरेसा आधार देत नाहीत. ‘टुमारो नेव्हर नोज’ या त्यातील सर्वांत धाडसी गाण्याचे काम ६ एप्रिललाच सुरू झाले होते. टोके जोडून वेटोळे केलेल्या ध्वनिफिती अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या इमारतीतील वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होत्या आणि तंत्रज्ञ पेन्सिलींनी त्या ताणून धरत होते. हे प्रयोग बीटल्सचे स्वतःचे होते. विल्सन यांचे ऋण ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ या जूनमध्ये मुद्रित झालेल्या गाण्यात अधिक खात्रीने दाखवता येते. मॅकार्टनींच्या बासवादनावरही तो प्रभाव पडला आणि पुढे त्यांची बास स्वतंत्र चालीसारखी गाऊ लागली.

ऑक्टोबर १९६६ मध्ये आलेले, अनेक स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून जोडलेले ‘गुड व्हायब्रेशन्स’ अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि वर्षअखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी जगातील अग्रगण्य गायनगट म्हणून बीटल्सऐवजी बीच बॉइजना कौल दिला. याच पद्धतीने विल्सन आणि गीतकार व्हॅन डाइक पार्क्स ‘स्माइल’ हा अल्बम रचत होते. इकडे ऑगस्टअखेर दौरे कायमचे थांबवलेल्या बीटल्सनी नोव्हेंबरपासून चार मार्गिकांच्या (फोर-ट्रॅक) ध्वनिमुद्रण यंत्रांवर ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’चे काम हाती घेतले. ‘पेट साउंड्स’ नसता तर हा अल्बम झालाच नसता, असे मार्टिन यांनी पुढे सांगितले. तरीही त्यातील सारेच कॅलिफोर्नियाकडून आलेले नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन मुंबईत येऊन रविशंकर यांच्याकडे सतार शिकले. दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडल आणि तबला यांच्या साथीने बांधलेले ‘विदिन यू विदाउट यू’ त्या तालमीचे फळ आहे.

‘सार्जंट पेपर’ मे १९६७ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याच महिन्यात ‘स्माइल’ रद्द झाल्याचे जाहीर झाले होते. ढासळती मनःस्थिती, अमली पदार्थ, गीतांच्या दुर्बोधतेबद्दल गटातील नाराजी, कंपनीशी मानधनावरून चाललेला खटला आणि शेकडो तुकडे एकत्र गुंफण्याची अडचण या सर्वांखाली विल्सन खचले. त्याचे खापर केवळ बीटल्सच्या यशावर फोडणे अन्यायाचे ठरेल. सप्टेंबरमध्ये ‘स्माइली स्माइल’ ही साधी, घरगुती धाटणीची तबकडी निघाली आणि चढाओढ तिथेच संपली. विल्सन यांनी पार्क्स यांच्या साथीने ‘स्माइल’ पुन्हा बांधून २००४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सादर केला. १९६६–६७ ची मूळ मुद्रणे २०११ मध्ये संच रूपाने प्रसिद्ध झाली.