निवाऱ्याच्या वहीत नाव कसं लागतं? पुण्यातल्या बेघर व्यक्तीची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

‘आधार कार्ड नाही, तरी निवाऱ्यात घेतील का?’ हा फोन आठवड्यातून तीन-चारदा तरी येतो. विचारणारा बेघर स्वतः क्वचितच असतो. ससूनच्या भिंतीकडेला किंवा स्वारगेटला कुणी कुडकुडत पडलेलं बघून थांबलेला एखादा वाटसरू असतो. त्याला आधी उत्तर देतो: घेतात. कागद नाही म्हणून रात्री दार लावून घ्यायचं नसतं. उत्तर प्रदेशातल्या निवाऱ्यांत आधार मागितलं जातंय हे जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, तेव्हा न्यायालयानेही हेच विचारलं होतं की ज्याला घर नाही, पत्ता नाही, त्याच्याकडे आधार येणार कुठून?

मी निवाऱ्यांच्या नोंदींचं काम बघतो. वहीतलं संगणकात घालायचं आणि संगणकातलं महापालिकेच्या तक्त्यात. काम कंटाळवाणं वाटेल, पण निवाऱ्यात आलेल्या माणसाला पुढे जे काही मिळतं, त्याची सुरुवात त्या वहीतल्या एका ओळीपासून होते.

पात्र कोण?

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा भाग आला, तेव्हा केलेली व्याख्याच आम्ही कामात वापरतो. स्वतःचं किंवा भाड्याचं घर नाही आणि रात्र फुटपाथ, बाग, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, देवळाचं आवार, दुकानाची पायरी, बांधकामाची जागा, पूल किंवा सिमेंटच्या मोठ्या पाइपात जाते, तो बेघर. फुटपाथवर प्लास्टिकचा कागद ताणून संसार मांडलेलं कुटुंबही त्यात येतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला यातलं काही लागत नाही. माणूस नांदेडचा आहे की बिहारचा, यावरही पात्रता ठरत नाही.

जनगणनेची व्याख्या वेगळी आहे. ती ‘जनगणना घरात’ न राहणारे मोजते, तेही एकाच रात्रीत. मागच्या वेळी ती रात्र होती २८ फेब्रुवारी २०११, आणि देशभरात १७.७ लाख बेघर मोजले गेले. म्हणून कुणी ‘पुण्यात बेघर किती?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या व्याख्येने? आणि कुठल्या रात्री? ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नाना आणि भवानी पेठेत मुक्कामाला असताना गणती केलीत, तर निम्मे वारकरी तुमच्या तक्त्यात बेघर म्हणून बसतील.

निवारे किती हवेत याचं माप मात्र ठरलेलं आहे. लाख लोकसंख्येमागे एक, आणि तो बारा महिने चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. २०११ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. हिशेब तुम्हीच करा.

पहिल्या रात्री काय होतं

निवाऱ्याला एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीत काळजीवाहक असावेत, अशी रचना आहे. रात्री पावणेअकराला आलेल्या माणसाची भेट काळजीवाहकाशीच पडते. त्याला आमचा एकच आग्रह असतो: आधी पाणी, अंथरूण, मग वही. त्या रात्री फक्त नाव, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, सोबत कोण आणि काही दुखतंखुपतं का, एवढंच लिहायचं. सही नाहीतर अंगठा. बाकीचा फॉर्म दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर.

नाव तो सांगेल तसंच लिहायचं. दुरुस्त करायचं नाही. एका आजींचं तीन निवाऱ्यांत तीन प्रकारे नाव लागलं होतं: गंगूबाई, गंगुबाई आणि गंगाबाई. आडनाव एकीकडे सासरचं, एकीकडे माहेरचं. संगणकाने तीन बाया मोजल्या. त्यातल्या एकीच्या फॉर्मवर मोतीबिंदूची तपासणी झाल्याचं लिहिलेलं, उरलेल्या दोघी ‘तपासणी बाकी’. म्हणून आता प्रत्येकाला एक क्रमांक देतो आणि ‘या नावानेही ओळखतात’ असा वेगळा रकाना ठेवतो.

जन्मतारखेवर जुळवाजुळव करू म्हणावं, तर तिथेही फसगत. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेले किती असतात हे मी वेगळं सांगायला नको. आधारवर १ जानेवारीवाल्यांची रांग. प्रोग्रॅम करणारा पोरगा मला म्हणाला, ‘जन्मतारीख हा पक्का पुरावा असतो.’ त्याला यादी दाखवली. एकाच खोलीत अकरा जणांचा वाढदिवस एका दिवशी! आता वयासमोर ‘सांगीव’ की ‘कागदावरून’ एवढं लिहितो आणि जुळवणी गाव, अंगावरची खूण, सोबतचा माणूस यांवरून करतो. शेवटचा निर्णय माणसानेच घ्यायचा, संगणकावर सोडायचा नाही.

कागदपत्रं

इथे क्रम उलटा आहे. कागद दाखवून निवाऱ्यात जायचं नसतं, निवाऱ्यात राहून कागद उभे करायचे असतात.

आधार: फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय ठेवले की घोटाळा होतो. आम्ही चार ठेवतो: पाहिलं, आहे म्हणतो, हरवलं, कधीच काढलं नाही. ‘हरवलं’ असेल तर नव्याने काढायला जाऊ नका, दुबार म्हणून अर्ज फेटाळला जातो. आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुनंच शोधून मिळतं. गवंडीकाम किंवा भांडी घासून ठसे पुसट झाले असतील तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. ओटीपीच्या नादी लागू नका, त्या नंबरचं सिमकार्ड केव्हाच बंद झालेलं असतं. कधीच काढलं नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला चालतो. नवी नोंदणी मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

मतदार नोंदणी: ही मला सगळ्यांत आवडणारी प्रक्रिया. नमुना ६ भरायचा आणि पत्ता म्हणून जिथे झोपतो ती जागा लिहायची, मग तो पूल का असेना. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. एकदा नाही, एकाहून जास्त रात्री. तसं आढळलं की राहण्याचा दुसरा कुठलाही पुरावा लागत नाही. पण नेमक्या त्याच रात्री आपला माणूस लग्नाच्या जेवणावळीत वाढपी म्हणून गेलेला असतो. म्हणून निवाऱ्यात राहणाऱ्यांचे फॉर्म भरताना अधिकाऱ्याला हजेरीवही दाखवता येईल अशी तयार ठेवा.

पेन्शन: संजय गांधी निराधार योजनेसाठी मात्र अटी कडक आहेत. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य. अर्ज तहसील कार्यालयात. पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ ही पेन्शन योजना. वास्तव्य सिद्ध करताना घामटं निघतं. जुन्या वहीतली पहिल्या प्रवेशाची तारीख म्हणूनच कधी फेकायची नाही. एका ठिकाणी रंगकाम काढलं तेव्हा चार वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या, तेव्हापासून मी दर महिन्याला पानांचे फोटो काढून ठेवतो.

ज्यांना नेहमीच्या वाटेने न्यायचं नाही

अठराच्या आतलं एकटं मूल आलं तर त्याची निवाऱ्यात भरती करायची नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा; चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. मनोरुग्ण भटकत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला संरक्षणात घेऊन सरकारी रुग्णालयात पोचवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७. हे क्रमांक काळजीवाहकाच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवलेले असावेत, मोबाइलमध्ये नव्हेत.

महिन्याचा अहवाल

इथे एकच चूक वर्षानुवर्षं होते. पन्नास खाटा तीस रात्री भरल्या की अहवालात ‘१५०० लाभार्थी’ असं जातं. त्या १५०० खाट-रात्री असतात. माणसं कदाचित साठच, त्यातली चाळीस रोजचीच. दोन्ही आकडे वेगवेगळे द्या. वरच्या कार्यालयाला मोठा आकडा आवडतो हे खरं, पण पुढच्या वर्षी खाटा वाढवून मागायच्या तर ‘जागा नाही म्हणून परत पाठवलेले किती’ हा आकडा लागतो, आणि त्याला कुणाच्याच तक्त्यात रकाना नसतो. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून सुरुवात केली.

आणखी एक. आधारचा पूर्ण क्रमांक, आजार, फोटो यांचा एक्सेल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायचं नसतंच. आधारचे शेवटचे चार आकडे पुरतात. फोटो विचारून काढायचा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचंही अंथरूण तेच. दात्याला दाखवायला ब्लँकेट वाटतानाचे फोटो लागतात, तो विषय वेगळा आणि मला त्याची चीड आहे.

नातेवाईक शोधत आले तर? नवरा मारतो म्हणून निघून आलेली बाई आणि विसरभोळेपणाने वाट चुकलेले आजोबा, दोघांनाही शोधायला माणसं येतात. दारावर फोटो घेऊन उभा असलेला माणूस दोन्ही वेळी सारखाच रडवेला दिसतो. त्याला ‘आहे’ही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही. नाव, नंबर, कुणाला शोधताय ते लिहून घ्यायचं, मिसिंगची तक्रार दिली आहे का विचारायचं, आणि आत जाऊन आधी तिला किंवा त्यांना विचारायचं: बाहेर अमुक आलेत, भेटायचंय का?