लॅपटॉप तापतो तेव्हा उष्णता अडते कुठे?

लॅपटॉपच्या खोक्यात बारीक अक्षरांतलं एक माहितीपत्रक असतं, जे सहसा कोणी वाचत नाही. त्यात वापराच्या तापमानाची एक ओळ असते. ॲपलच्या मॅकबुकसाठी ती १० ते ३५ अंश सेल्सिअस अशी आहे. इतर बऱ्याच कंपन्यांचा वरचा आकडाही ३५ च्या आसपासच असतो. हे तापमान यंत्राच्या आतलं नव्हे, भोवतालच्या हवेचं. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारचा पारा ४५ च्या घरात जातो. तिथे पत्र्याखालच्या खोलीत कोणी लॅपटॉप उघडला, तर बटण दाबण्याआधीच तो कंपनीच्या अटीबाहेर गेलेला असतो. मग पंखा घरघरतो, कीबोर्डला हात लावावासा वाटत नाही, व्हिडिओ कॉल अडखळतो आणि घरातलं कोणीतरी ‘व्हायरस शिरला असेल’ असं निदान करून मोकळं होतं.

व्हायरस असतो क्वचित. मुळात लॅपटॉप तापायलाच हवा. तो घेतो त्या विजेतून पडद्याचा प्रकाश, स्पीकरचा आवाज आणि वायफायच्या लहरी एवढं किरकोळ वजा केलं, तर बाकी सगळ्याची शेवटी उष्णताच होते. पंपाची मोटर वीज खाऊन पाणी तरी वर चढवते, प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, काही उचलत नाही की ढकलत नाही. हिशेब बरोबर येवो की चुको, १५ वॅट आत गेले की १५ वॅटची उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. साध्या ऑफिस लॅपटॉपचा प्रोसेसर सलग कामात साधारण एवढीच वीज घेतो आणि जोर लावला की काही काळ त्याच्या दुप्पट-तिप्पट. गेमिंगच्या यंत्रात ग्राफिक्स चिप धरून आकडा शंभर वॅटच्या पुढे जातो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याच्या टोकाशी धातू वितळतो. लॅपटॉपमध्ये तेवढीच उष्णता एक-दोन चौरस सेंटीमीटरच्या चिपवर तयार होते. चिप शाबूत राहते ती केवळ उष्णता तिथून सतत हलवली जाते म्हणून. तेव्हा लॅपटॉप जास्त तापतोय म्हणजे बहुतेक वेळा उष्णता वाटेत कुठेतरी अडतेय. कुठे, ते शोधायचं.

ही वाट फूटभराचीसुद्धा नसते. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीतून निघालेली चपटी तांब्याची नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाटीवाटी म्हणजे फिन्स आणि त्यांच्यावर हवा मारणारा पंखा. यातली नळी दिसायला सगळ्यात साधी, पण खरी करामत तिचीच. ती भरीव नसते. आतून हवा काढून घेतलेली, आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर आणि पाण्याचे काही थेंब, बस्स. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ क्षणात थंड टोकाकडे पळते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि ते पाणी त्या सच्छिद्र थरातून झिरपत परत चिपकडे येतं. पंप नाही, मोटर नाही, झिजणारा एकही भाग नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल लागतात. म्हणजे १५ वॅटच्या चिपची अडीच मिनिटांहून जास्त वेळची उष्णता एका ग्रॅमने उचलली. त्यामुळेच तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ही पोकळ नळी कित्येक पटींनी उष्णता वाहते.

या कल्पनेचं पहिलं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर या अभियंत्याला १९४४ मध्ये मिळालं, तेही फ्रिजसाठी. ते तसंच पडून राहिलं. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशयानांचा विचार करताना तेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधलं आणि ‘हीट पाइप’ हे नाव रूढ झालं. आज ही नळी उपग्रहांत आहे आणि आपल्या टेबलावरही.

हीट पाइप सहसा बिघडत नाही. अडचण तिच्या दोन टोकांना येते.

एक टोक पंख्याकडचं. फिन्समधली फट जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते. पंखा धूळ आत ओढतो, त्यातले बारीक कण आरपार निघून जातात, पण कापडाचे तंतू आणि केस फिन्सच्या तोंडाशी आडवे अडकतात. मग त्या तंतूंवर बाकीची धूळ बसायला लागते. स्वयंपाकघराशेजारी लॅपटॉप वापरला जात असेल तर फोडणीचा तेलकट धूर ती धूळ चिकट करतो. दोन-तीन वर्षांनी खालचं झाकण उघडलं की पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि लोक फसतात. खरा राखाडी जाड थर असतो पंखा आणि फिन्स यांच्या मध्ये, पंख्याचं आवरण काढल्याशिवाय न दिसणारा. चिमट्याने एका टोकाला धरला तर तो अखंड पट्टीसारखा निघून येतो. बाहेरून जाळीवर फुंकर मारणाऱ्याने तो थर फक्त मागे ढकललेला असतो, थोड्याच दिवसांत तो परत जागेवर.

दुसरं टोक पेस्टचं. चिप आणि तांबं दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर दोन्हींवर खाचखळगे असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. तांब्याच्या तुलनेत पंधरा हजार पटींनी वाईट. पेस्ट ही हवा हाकलून तिची जागा घेते. पेस्टही काही तांब्याएवढी चांगली वाहक नसते, पण हवेच्या दोनशे ते चारशे पट बरी. त्यामुळे जाड लेप देऊन फायदा नाही, उलट तोटाच. हवेला जागा उरू नये इतकीच ती हवी. वर्षानुवर्षं तापून-निवून ती सुकते किंवा मधून कडेला सरकते आणि खळग्यांत पुन्हा हवा येते.

यातलं कोणतं टोक अडलंय, हे लॅपटॉप न उघडताही बऱ्यापैकी कळतं. विंडोजवर एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखा मोफत प्रोग्राम चिपचं तापमान दाखवतो. जड काम सुरू करायचं आणि पंखा पूर्ण वेगात आला की हात हवा बाहेर पडणाऱ्या जाळीपाशी धरायचा. पंखा ओरडतोय पण हवा अगदी थोडी आणि कढत येतेय, तर फिन्स तुंबल्यात. हवा भरपूर येतेय पण जेमतेम कोमट, आणि पडद्यावर चिप ९५ अंश दाखवतेय, तर उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाही. मग पेस्टवर संशय घ्यायचा. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, दुकानात गेलं की बहुधा ‘सर्व्हिसिंग आणि पेस्ट’ अशी जोडगोळी गळ्यात पडते. ती दर वेळी लागतेच असं नाही. साफ केल्यावर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं तर पेस्टला हात लावायची गरज नाही, असं माझं मत.

स्वतः साफ करायचं असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला आणि शक्य तिथे बॅटरीचं कनेक्शनही सोडवलेलं हवं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं टूथपिकने अडवून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते झेपणार नाही अशा वेगाने फिरतं आणि बेअरिंगचे हाल होतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र नको, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर विद्युत साचते.

इथवर उष्णता बाहेर काढण्याचं झालं. ती कमी तयार करण्याचा रस्ताही आहे, आणि मला तर तोच जास्त रंजक वाटतो. चिपमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे सूक्ष्म स्विचच्या, उघडझापेला थोडी वीज लागते. एकूण खर्च दोन गोष्टींवर ठरतो. वेग दुप्पट केला तर खर्च दुप्पट, पण व्होल्टेज दुप्पट केलं तर चौपट, कारण तिथे वर्ग लागतो. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. आता उलटा हिशेब करा. वेग २० टक्क्यांनी कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही २० टक्क्यांनी उतरलं, तर उरतं ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. पाचव्या हिश्शाचा वेग सोडला आणि उष्णता जवळपास निम्मी झाली! प्रत्यक्षात व्होल्टेज इतकं सरळ प्रमाणात उतरत नाही, पण दिशा हीच.

हा सौदा करायला विंडोजमध्ये एक साधी जागा आहे. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के असते, ती ९९ करायची. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बऱ्याच लॅपटॉपवर, विशेषतः इंटेलच्या प्रोसेसरवर, १०० च्या खाली आलं की टर्बो बूस्ट बंद होतो. म्हणजे चिप जास्तीचं व्होल्टेज घेऊन थोडा वेळ जी उसळी मारते ती थांबते. टायपिंग, ब्राउझर, व्हिडिओ यांत फरक फारसा जाणवत नाही, पंखा मात्र गप्प बसतो. काही नव्या मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या ॲपमधला ‘क्वायट’ किंवा तत्सम मोड हेच काम करतो.

खरं तर सगळा संगणक उद्योगच या गणितापाशी अडला होता. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवलं तर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. पुढची तीसेक वर्षं त्यावर चालली. मग व्होल्टेज आणखी खाली आणणं अशक्य झालं, कारण ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही वीज झिरपू द्यायला लागले. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ नंतरचा, टेहास या टोपणनावाचा प्रोसेसर अर्ध्यात सोडून दिला आणि एकाच अतिवेगवान कोअरऐवजी (कोअर म्हणजे चिपमधला हिशेब करणारा भाग) अनेक कोअरचा मार्ग धरला. बंद ट्रान्झिस्टरमधली ही विजेची झिरप तापमानाबरोबर वाढते. म्हणजे तापलेली चिप तेच काम करायला थंड चिपपेक्षा जास्त वीज खाते आणि त्याने आणखी तापते.

चिप स्वतःला मरू देत नाही, हे मात्र खरं. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की वेग आपोआप उतरतो आणि तरीही भागलं नाही तर यंत्र थेट बंद पडतं. मॅकवाल्यांना ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कधी ‘कर्नल टास्क’ नावाची प्रक्रिया प्रोसेसर खाताना दिसते आणि ते तिच्यावर चिडतात. ती मुद्दाम प्रोसेसर अडवून धरते, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांना तो कमी मिळावा आणि तापमान उतरावं. तिला बंद पाडायच्या खटपटीत पडू नये.

आता खोलीकडे. फिन्समधून हवेत किती उष्णता जाणार हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. २५ अंशांच्या खोलीत एखाद्या कामाला चिप ८५ वर स्थिरावत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ती १०२ वर जाऊ पाहील, म्हणजे मर्यादेपलीकडे. डिसेंबरात नीट चालणारा लॅपटॉप मेमध्ये मंद होतो तो असा. यावर कूलिंग पॅड विकत घेण्याआधी मागची बाजू दोन जाड पुस्तकांवर उचलून बघावी. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि टेबलाशी असलेली फट अगदी थोडी असते. गादीवर किंवा उशीवर तर तीही बुजते. विदर्भात खोलीत कूलर असेल तर उत्तम, फक्त लॅपटॉप थेट त्याच्या झोतात नको, त्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात. फ्रिजमध्ये ठेवण्याचा आचरटपणा काही जण करतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत थंडगार यंत्र बाहेर काढलं की मदरबोर्डवर दव धरतं.

मांडीवर ठेवून तासन्‌तास काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. २०१० मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात स्विस डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. महिनोन्‌महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उठले होते. त्वचा भाजत नाही इतक्या, पण सतत मिळणाऱ्या उष्णतेने हे होतं. काश्मीरमध्ये फेरन या ढगळ अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांत डॉक्टर हे डाग फार पूर्वीपासून पाहत आलेत. तिथे दीर्घ वापरानंतर काहींना त्याच जागी त्वचेचा कर्करोगही होतो.

आणि बॅटरी. चिप ९० अंश सोसते, लिथियम-आयन बॅटरीला ४५ सुद्धा मानवत नाही. पूर्ण चार्ज अवस्थेत गरम राहणं तिला सगळ्यात जास्त बाधतं. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आतलं रसायन विघटित होऊन वायू साठला की बॅटरी फुगते. टचपॅडचं बटण दाबेनासं होणं, टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसणं किंवा टेबलावर यंत्र डुगडुगणं, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर धूळ-पेस्टचा विचार सोडून द्यायचा, चार्जर काढून लॅपटॉप बंद करायचा आणि तसाच दुकानात न्यायचा. ती बॅटरी टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, आणि बदलल्यावर जुनी घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.